शिवणयंत्रातील दाबपाय

शिवणयंत्रात सुईच्या दोन्ही बाजूंना कापडावर टेकणारा आणि स्प्रिंगच्या जोराने कापड खालच्या पत्र्यावर दाबून धरणारा जो लहान धातूचा भाग असतो, त्यास दाबपाय म्हणतात. शिंप्यांच्या व्यवहारात त्याला ‘फूट’ किंवा ‘प्रेशर फूट’ हेच नाव रूढ आहे. नेहमीच्या दाबपायाला पुढे दोन बोटे असतात व त्यांमधील फटीतून सुई खाली-वर होते. मागील तळवा सपाट व गुळगुळीत असतो. हा पाय एका उभ्या दांडीच्या खालच्या टोकास स्क्रूने बसविलेला असतो. दांडीवर स्प्रिंग असते. माथ्यावरील स्क्रू फिरवून स्प्रिंगचा दाब कमी-अधिक करता येतो व मागील बाजूच्या तरफेने पाय उचलता किंवा खाली सोडता येतो.

शिवणयंत्राच्या इतिहासात सुईच्या टोकाजवळील नेढे आणि खालचा दोरा नेणारा धोटा यांची चर्चा विशेष झाली आहे. टाका घालण्याचा प्रश्न या दोन कल्पनांनी सुटला, हे खरे; तथापि हवी तेवढी लांब आणि हवी तशी वळणारी शिवण घालण्याचा प्रश्न त्यांनी सुटला नाही. तो सुटण्यासाठी कापड घट्ट धरले जाणे आणि त्याच वेळी ते पुढे सरकण्यास मोकळे असणे, या दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच ठिकाणी साधाव्या लागल्या. दाबपायाचा इतिहास हा या विरोधाशी घातलेल्या तडजोडींचा इतिहास आहे. त्या तडजोडींत जे उणे राहिले, ते आजवर शिवणाऱ्याच्या हाताने भरून काढले आहे.

कार्य : दाबपायाचे पहिले कार्य कापड दातांवर दाबून धरणे हे होय. सुईखालच्या पत्र्यातील फटींमधून दातेरी पट्टी वर येते, कापडासह मागे शिवणीच्या दिशेने सरकते, खाली जाते आणि पत्र्याखालूनच पूर्वस्थानी परतते. सुई कापडाबाहेर असते तेवढ्याच अवधीत दाते कापड सरकवितात. वरून दाब नसेल, तर दाते कापडाखाली नुसते घासत राहतात व टाके एकाच जागी पडतात.

दुसरे कार्य अधिक सूक्ष्म आहे. सुई सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत जाऊन सु. २ ते २·५ मिमी. वर येते, तेव्हा तिच्याबरोबरचा दोरा कापडाच्या घर्षणामुळे मागे रेंगाळतो व सुईच्या बाजूला त्याचा लहानसा फुगा म्हणजे फास तयार होतो. धोट्याचे किंवा फिरत्या आकड्याचे टोक याच फाशात शिरते. सुई वर येताना तिच्याबरोबर कापडही उचलले गेले, तर दोरा रेंगाळत नाही, फास तयार होत नाही आणि टाका चुकतो. म्हणून सुईच्या अगदी लगत कापड खाली धरून ठेवणे आवश्यक असते. पातळ व लवचिक कापडावर टाके सुटण्याचे एक नेहमीचे कारण सुईजवळचा दाब अपुरा पडणे हे असते.

तिसरे कार्य टाका आवळण्याच्या वेळचे. दोरा ओढणारी तरफ वर जाते तेव्हा कापड चुरगळू पाहते. दाबपाय त्याला सपाट ठेवतो. यांखेरीज बहुसंख्य यंत्रांत दाबपाय उचलताच वरच्या दोऱ्यावर ताण देणाऱ्या चकत्या सैल होतात व पाय खाली सोडताच त्या पुन्हा आवळल्या जातात. त्यामुळे शिवण संपल्यावर कापड सहज काढता येते. पाय खाली न सोडता शिवण सुरू केल्यास कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो, तो याच कारणाने. सुई कापडात रुतलेली ठेवून पाय उचलल्यास कापड सुईभोवती फिरविता येते. गळपट्टीचे टोक किंवा खिशाचा कोपरा शिवण्याची रीत यावरच आधारलेली आहे.

पूर्वेतिहास : इंग्लंडमधील टॉमस सेंट यांनी १७९० मध्ये चामडे शिवण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले होते, परंतु ते कागदपत्रांत दडून राहिले व १८७० नंतरच्या दशकात पुन्हा उजेडात आले. फ्रान्समधील बार्तेलेमी तीमॉन्ये यांनी १८३० मध्ये आकडेदार सुईने साखळीटाका घालणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले. पॅरिसमधील त्यांच्या कारखान्यात लष्करी गणवेश शिवले जात. रोजगार जाईल या भीतीने १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने तेथील यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी १८३२ ते १८३४ या काळात टोकाजवळ नेढे असलेली सुई व धोटा यांचे यंत्र बनविले, पण त्याचे एकस्व घेतले नाही.

एलिअस हाऊ यांना १० सप्टेंबर १८४६ रोजी मिळालेले अमेरिकन एकस्व दोन दोऱ्यांच्या बंद टाक्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याआधी १८४५ मध्ये बॉस्टन येथे त्यांनी पाच शिवणकरी स्त्रियांशी स्पर्धा लावून आपल्या यंत्राचा वेग दाखविला होता, मिनिटाला सु. २५० टाके घालण्याची त्याची क्षमता होती. मात्र या यंत्रात कापड पुढे सरकविण्याची पद्धत फार अडचणीची होती. कापड एका पट्टीवरील टाचण्यांना अडकवून उभे टांगावे लागे व वक्र सुई त्यात आडवी शिरे. पट्टीची लांबी संपली की यंत्र थांबवून कापड काढणे, पट्टी मागे नेणे आणि कापड पुन्हा टाचणे एवढे सोपस्कार करावे लागत. शिवण सरळ रेषेतच जाई. बाहीचा गोल किंवा गळ्याचे वळण यंत्राच्या आवाक्याबाहेर राही. टाका यंत्राने घातला जात होता, पण कापड धरण्याचे काम टाचण्यांकडे होते आणि टाचणीने धरलेले कापड स्वतंत्रपणे सरकू शकत नव्हते.

लवचिक दाबाचा उगम : कापडाला टाचणीच्या बंधनातून सोडविण्याच्या दिशेने महत्त्वाचे पाऊल बॉस्टनचे जॉन बॅचेल्डर यांनी टाकले. ८ मे १८४९ रोजी मिळालेल्या त्यांच्या एकस्वात कापड आडव्या टेबलावर ठेवलेले असून, टेबलातून वर डोकावणारी पोलादी टोके बसविलेला अखंड पट्टा ते सुईकडे नेत राहतो. पट्टा फिरत राहील तोपर्यंत शिवण चालू राहणार, अशी ही योजना होती. शिवणीच्या लांबीवरील मर्यादा या योजनेने तत्त्वतः नाहीशी केली.

१८५० मध्ये बॉस्टन येथील ऑर्सन फेल्प्स यांच्या कारखान्यात आयझॅक मेरिट सिंगर यांनी दुरुस्तीला येणारे एक सदोष शिवणयंत्र पाहिले व त्यात मूलगामी फेरफार केले. सिंगर हे नाटकमंडळ्यांत काम केलेले फिरते नट आणि हरहुन्नरी यंत्रकारागीर होते. १२ ऑगस्ट १८५१ रोजी एकस्व मिळालेल्या त्यांच्या यंत्रात पुढील गोष्टी एकत्र आल्या : आडवे टेबल, वरून येणारा भुजा, सरळ उभी सुई, टेबलाच्या फटीतून कापडाला लागणारे खडबडीत चाक आणि कापडावर स्प्रिंगने टेकणारा दाबपाय. चाकाने कापड ओढावे आणि पायाने ते चाकावर दाबावे, अशी ही विभागणी होती. स्प्रिंगमुळे पाय कापडाच्या जाडीप्रमाणे स्वतःच वर-खाली होई. एकेरी कापडावरून दुमडीवर आणि दुमडीवरून पुन्हा एकेरी कापडावर शिवण नेण्यासाठी यंत्र थांबविण्याची गरज उरली नाही. कापड पायाखाली धरलेले असूनही ते हाताने फिरविता येत असल्याने वळणदार शिवणही शक्य झाली.

चाकाचा एक दोष होता. ते कापडाला सतत लागून राही, त्यामुळे सुई कापडात असतानाही कापड पूर्ण मोकळे नसे. ॲलन विल्सन यांच्या १९ डिसेंबर १८५४ च्या एकस्वाने हा दोष दूर केला. वर येणे, सरकणे, खाली जाणे व परतणे अशा चार हालचाली करणारी दातेरी पट्टी त्यांनी योजली. तेव्हापासून दाबपाय व दाते यांचा जो संयोग रूढ झाला, तोच आजच्या बहुसंख्य यंत्रांत टिकून आहे.

या शोधांची मालकी हा स्वतंत्र आणि तीव्र वादाचा विषय ठरला. सुईचे एकस्व हाऊ यांच्याकडे, दातेरी पट्टीचे विल्सन यांच्या भागीदारीतील कंपनीकडे आणि बॅचेल्डर यांचे एकस्व खरेदीने सिंगर यांच्याकडे गेलेले होते. कोणीही दुसऱ्याच्या परवानगीवाचून उपयुक्त यंत्र बनवू शकत नव्हते. परस्परांविरुद्ध चाललेल्या खटल्यांतून सुटण्यासाठी १८५६ मध्ये हाऊ व तीन प्रमुख कंपन्या यांनी आपली एकस्वे एकत्र केली. इतर कारखानदारांना प्रत्येक यंत्रामागे सुरुवातीस १५ डॉलर आणि १८६० पासून ७ डॉलर एवढे परवानाशुल्क द्यावे लागे. मुदतवाढ मिळालेले बॅचेल्डर यांचे एकस्व १८७७ मध्ये संपले, तेव्हाच हा संघ विसर्जित झाला. ज्या कल्पनेच्या आधारे संघ अखेरपर्यंत टिकला, ती बॅचेल्डर यांची होती. मात्र एकस्व विकून टाकल्याने संघाच्या चार भागीदारांत त्यांचे नाव नव्हते. १८७७ नंतर स्पर्धा वाढली, किमती उतरल्या व शिवणयंत्र सामान्य घरांच्या आवाक्यात येऊ लागले.

पुढील सुधारणा : प्रारंभीचे दाबपाय अखंड व ताठ होते. जाड दुमडीवर चढताना त्यांचा पुढचा भाग अडे आणि तळवा अधांतरी राही. पायाच्या घोट्याशी बिजागरी बसविल्यावर तळवा चढउताराप्रमाणे कलू लागला. त्यापाठोपाठ विशिष्ट कामांसाठी निरनिराळे पाय प्रचारात आले : कडा आपोआप दुमडून घेणारा, चुण्या घालणारा, दोरी आत घालून शिवणारा, साखळी म्हणजे झिप लावण्यासाठी एकाच बाजूस बोट असलेला इत्यादी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे पाय पेटीत घालून यंत्राबरोबर विकले जाऊ लागले. हातात धरून मापाने दुमड घालण्याचे कौशल्य अशा पायांच्या आकारातच उतरविलेले होते. शिकाऊ व्यक्तीलाही एकसारखी दुमड घालता येऊ लागली, हा त्यांचा लाभ. त्या विशिष्ट कामासाठी कुशल कारागिराला मिळणारा जादा मोबदला कमी होण्याची शक्यता, ही त्यांची दुसरी बाजू.

दाबपायाचा मूलभूत दोष मात्र या सर्व प्रकारांत कायम राहिला. दोन कापडे एकावर एक ठेवून शिवताना खालचे कापड दातांच्या पकडीत असते आणि वरचे कापड स्थिर पायाखालून घासत जाते. परिणामी खालचा थर थोडा पुढे जातो व वरचा मागे रेंगाळतो. प्रत्येक टाक्यातील फरक डोळ्यांना दिसत नाही, पण तो साठत जातो. एक मीटर लांबीच्या शिवणीत हा फरक केवळ एक टक्का धरला, तरी शेवटी एका कापडाचे टोक दुसऱ्यापुढे एक सेंमी. निघते. चौकडीचे किंवा पट्ट्यांचे कापड असेल, तर जोड तत्काळ विसंगत दिसतो. दाब वाढविल्यास दातांची पकड सुधारते, पण वरच्या थराचे घर्षणही वाढते. दाब कमी केल्यास घर्षण घटते, पण टाके असमान पडतात. धरणे आणि मोकळे ठेवणे यांतील विरोध येथे पुन्हा प्रकट होतो.

यावर तीन प्रकारचे उपाय झाले. पहिला घर्षण कमी करण्याचा : पायाच्या तळव्यात लहान चाके बसविणे किंवा तळवा निसरड्या पदार्थाचा करणे. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना सापडलेला व टेफ्लॉन या नावाने प्रसिद्ध झालेला पदार्थ पुढे या कामी उपयोगी पडला; रेक्झीन, प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड व चामडे यांसाठी असे पाय वापरतात. दुसरा उपाय पायालाच चालते करण्याचा : येथे दोन पाय आळीपाळीने टेकतात, एक कापड धरून ठेवतो व दुसरा दातांबरोबर पाऊल टाकून वरचा थर पुढे नेतो. चामडे, ताडपत्री, गाद्या यांसारख्या जाड कामासाठी ही यंत्रणा रूढ झाली व तिचे साधे रूप घरगुती यंत्रांनाही जोडता येऊ लागले. तिसरा उपाय वरच्या बाजूनेही दाते देण्याचा : पफ या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये घरगुती यंत्रातच अशी वरची सरकयंत्रणा अंतर्भूत केली.

नव्या तंतूंनी या सुधारणांची निकड वाढविली. सुती कापड खडबडीत असल्याने दोन थर एकमेकांना काहीसे धरून राहतात. नायलॉन व पॉलिएस्टर यांचे गुळगुळीत कापड तसे राहत नाही. १९६० नंतरच्या दशकात ठाणे येथे पॉलिएस्टर तंतूंचे उत्पादन सुरू झाले आणि टेरिलीन, टेरिकॉट ही नावे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पोहोचली. इस्त्री न मोडणारे हे कापड गिऱ्हाइकांना पसंत पडले, तरी जाड सुती कापडासाठी लावलेल्या दाबाखाली त्यावर चुण्या पडत.

वेग व दाब : पायाने चालविलेल्या यंत्रावर मिनिटाला काहीशे टाके पडतात. तयार कपड्यांच्या कारखान्यांतील विद्युत् चलित यंत्रे मिनिटाला ५,००० टाक्यांपर्यंत जातात, म्हणजे सेकंदाला सु. ८३ टाके. प्रत्येक टाक्याला दाते पत्र्याच्या वर येतात व कापडासह पायालाही उचलतात. नंतर स्प्रिंगने पायाला तितक्याच त्वरेने खाली आणावे लागते. वेग दुप्पट झाला की या हालचालीचा प्रवेग चौपट होतो. एका मर्यादेनंतर स्प्रिंगला वेळ पुरत नाही, पाय उसळतो व क्षणभर कापडावर टेकतच नाही. त्या क्षणी टाका आखूड पडतो किंवा चुकतो. उसळी थांबविण्यासाठी स्प्रिंग आवळावी, तर पुन्हा वरचा थर मागे राहतो व नाजूक कापडावर दातांचे वळ उमटतात.

हलक्या वजनाचे पाय, उसळी शोषून घेणारी योजना आणि दाबाचे विद्युत् नियंत्रण हे यावरील आधुनिक उपाय होत. अलीकडील काही औद्योगिक यंत्रांत पायावरील दाब, त्याची उंची व दातांची चाल यांची मूल्ये कापडानुसार आधीच नोंदवून ठेवता येतात व वेग बदलला की दाबही आपोआप बदलतो. पूर्वी शिंप्याच्या बोटांना जाणवणारा फरक येथे संवेदक मोजतो.

भारत व महाराष्ट्र : भारतात शिवणयंत्राचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात सुरू झाला. सिंगर कंपनीचा भारतातील व्यापार दीर्घकाळ नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यवस्थापकाच्या हाती होता. हप्त्याने विक्री, दुरुस्तीची सोय आणि सुटे भाग मिळण्याची हमी या तीन गोष्टींवर या व्यापाराची उभारणी झाली. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे १८८५ मध्ये सुरू झालेल्या कंपनीच्या विशाल कारखान्यातून यंत्रे येत. लुगडे, धोतर, उपरणे ही न शिवलेली वस्त्रे येथील पेहरावात प्रमुख असली, तरी सदरा, बंडी, कोट, पोलके यांचे प्रमाण वाढत गेले व यंत्राला काम मिळाले. शिंपी समाजातील परंपरागत कारागिरांनी यंत्र स्वीकारले. हाताने फिरविण्याचे यंत्र ओटीवर किंवा दुकानाच्या फळीवर मांडी घालून चालविता येई.

स्त्रियांच्या दृष्टीने यंत्राला वेगळे महत्त्व होते. पुणे येथे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या व रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या सेवासदन या संस्थेने शिवणकामाचे वर्ग चालविले. विधवा व निराधार स्त्रियांना घरी बसून, प्रतिष्ठेला बाध न येता चार पैसे मिळविता यावेत, हा अशा वर्गांचा हेतू होता. पुढे महाराष्ट्रातील गावोगावच्या महिला मंडळांनी शिवणवर्ग हा आपल्या कार्याचा जणू नेमाचा भाग केला.

यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही शिवणयंत्राचा अपवाद मानला. १९२४ च्या अखेरीस जी. रामचंद्रन यांच्याशी झालेला त्यांचा संवाद यंग इंडिया या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. आजवरच्या मोजक्या उपयुक्त शोधांत शिवणयंत्राची गणना होते आणि पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगर यांनी ते बनविले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ही यंत्रे बनविण्यासाठी मोठे कारखाने लागतील, हे मान्य करून त्यांनी असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असे सुचविले. सिंगर यांच्या हेतूविषयीची ही हकीकत इतिहासाशी जुळत नाही. ते अर्थार्जनाच्या उद्देशाने या व्यवसायात उतरले होते. तथापि यंत्राने मनुष्याची जागा घेऊ नये, त्याचा भार हलका करावा, या गांधींच्या निकषाला शिवणयंत्र उतरते, कारण ते एका व्यक्तीच्या हातात व एका घरात मावते. दाबपायाचा विचार केला तर हा निकष अधिक स्पष्ट होतो : साधा पाय शिवणाऱ्याच्या हाताला वाव ठेवतो, किंबहुना त्याच्यावाचून काम नीट होत नाही.

१९३०–४० या दशकात कलकत्ता येथील जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रांचे उत्पादन सुरू केले. स्वातंत्र्यानंतर देशी उत्पादन वाढून लुधियाना हे सुट्या भागांचे मोठे केंद्र बनले. भारतात सर्वत्र आढळणारे काळ्या रंगाचे सरळ टाक्याचे यंत्र मुख्यतः सिंगरच्या ‘क्लास १५’ या जुन्या नमुन्यावर बेतलेले आहे. त्याचा दाबपाय व दाबाचा स्क्रू यांच्या रचनेत फारसा बदल झालेला नाही. याचा एक लाभ असा की, दाबपाय व इतर अनेक सुटे भाग अशा बहुतेक यंत्रांना चालतात आणि दुरुस्ती गावातच होते.

विदर्भ व मुकुटबन : विदर्भ हा कापसाचा प्रदेश असून यवतमाळ जिल्हा त्यात अग्रेसर आहे. मुकुटबन हे गाव या जिल्ह्याच्या आग्नेय भागात, झरी-जामणी तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेजवळ वसलेले आहे. परिसरात कापसाची शेती असून चुनखडीच्या साठ्यांमुळे अलीकडे सिमेंटचा कारखानाही उभा राहिला आहे. मराठीबरोबर तेलुगू, गोंडी व कोलामी बोलणाऱ्यांची वस्ती या सीमाभागात आढळते. वऱ्हाडातील कापूस ब्रिटिश काळात गाठी बांधून मुंबईमार्गे परदेशी जाई आणि कापड व शिवणयंत्र दोन्ही बाहेरून येत. पिकविणाऱ्या प्रदेशाच्या वाट्याला वस्त्रनिर्मितीतील मूल्याचा लहानसाच हिस्सा येतो, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

मुकुटबनसारख्या बाजाराच्या गावी शिवणाऱ्यासमोर येणारे काम एका प्रकारचे नसते. शाळेचा टेरिकॉटचा गणवेश, अस्तर लावलेले पोलके, सुती सदरा, शेतात वापरायच्या जाड पँटीला ठिगळ आणि लग्नसराईत निसरडे जरीचे कापड, ही सर्व कामे एकाच यंत्रावर, अनेकदा एकाच दाबपायाने केली जातात. कारखान्यात प्रत्येक कामासाठी निराळे यंत्र व निराळा पाय असतो. येथे ती उणीव हात भरून काढतो. डाव्या हाताची बोटे वरचे कापड पायाखाली किंचित ढकलतात, उजवा हात खालचे कापड हलके मागे धरतो, म्हणजे दोन्ही थर सारखे चालतात. चालत्या पायाची यंत्रणा जे काम करते, तेच काम अनुभवी शिंपी बोटांनी करतो. ही कला पुस्तकातून क्वचितच शिकविली जाते.

याची आर्थिक बाजू लहान नाही. गावातील शिवणकामाचा मोबदला बहुधा नगावर असतो. चुणी पडलेली किंवा चौकड न जुळलेली शिवण उसवून पुन्हा घालावी लागली, तर त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही व कापडाला पडलेली सुईची छिद्रे कायमची राहतात. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याणविषयक योजनांतून स्त्रियांना शिवणयंत्रे दिली जातात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. यंत्र घरात आले, की शिवण येतेच असे नाही. टाका बिघडला की नवशिक्या व्यक्तीचे लक्ष प्रथम दोऱ्याच्या ताणाकडे जाते; पुष्कळदा दोष दाबपायाचा असतो. पातळ कापडासाठी माथ्यावरचा स्क्रू सैल करणे व जाड कापडासाठी आवळणे, पायाचा तळवा खरवडलेला नाही हे पाहणे, दातांत साचलेला कापसाचा पिंजर काढणे, पाय सुईच्या छिद्राशी सरळ आहे याची खात्री करणे, निसरड्या कापडाखाली व वर पातळ कागद घेऊन शिवणे व नंतर तो फाडून काढणे, या साध्या उपायांना फारसा खर्च येत नाही. शिवणवर्गाच्या अभ्यासक्रमात कापणीच्या मापांइतकेच स्थान यांना मिळणे इष्ट आहे.

दुसरीकडे, कापूस पिकतो तेथेच वस्त्रे तयार व्हावीत या उद्देशाने विदर्भात मोठ्या उद्योगांची आखणी होत आहे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या सात वस्त्रोद्योग उद्यानांत अमरावतीचा समावेश आहे. अशा कारखान्यांत नियंत्रित दाबाची वेगवान यंत्रे येतील. तेथे कामगाराने एकच शिवण दिवसभर घालायची असते. गणवेशांच्या उत्पादनासाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरात लहान कारखाने व घरगुती शिवणकाम यांची सांगड दिसून येते. विदर्भातही ती बसवायची, तर सुधारित दाबपायांसारखी स्वस्त साधने सुट्या यंत्रांपर्यंत नेणे आणि ती वापरण्याचे शिक्षण देणे हा मोठ्या यंत्रसामग्रीइतकाच आवश्यक भाग ठरतो. चालता पाय, चाकांचा पाय, टेफ्लॉनचा पाय हे जुन्या यंत्रांच्या दाबदांडीला बसतील अशा मापांतही मिळतात. त्यांसाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही.

बॅचेल्डर, सिंगर व विल्सन यांच्या काळापासून दाबपायात झालेली प्रत्येक सुधारणा हाताचे एखादे काम यंत्राकडे नेत आली आहे. ते काम यंत्राकडे गेल्यावर वाचलेला वेळ व वाढलेले मोल कोणाच्या पदरी पडते, हे यंत्राच्या रचनेवरून ठरत नाही. एकस्वांच्या संघाच्या काळात ते परवानाशुल्काच्या रूपाने मूठभर कंपन्यांकडे गेले. हप्त्याने घेतलेल्या यंत्रावर घर चालविणाऱ्या शिवणकरी स्त्रीच्या बाबतीत त्यातील काही वाटा तिच्याकडे राहिला. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे आणि त्याच्या लहानात लहान भागाचे ज्ञान कोणाला आहे, या दोन गोष्टींवर तो वाटा आजही अवलंबून आहे.